काळ्या राणीचं दळण

चंदनबाला मगदूम गिरणीच्या दारात आली की आतल्या बायका बंद पडायच्या. गिरणी चालूच असायची, पट्टा गरगर फिरत असायचा, पण आत्ताआत्तापर्यंत जिचं सुनेच्या नावानं तोंड सुटलेलं होतं ती बाई पदर सावरून म्हणायची, "या आक्का." दुसरी उठून बाकडं रिकामं करायची. गिरणीवाला तानाजी कुणाचं तरी दळण अर्धवट सोडून पुढं यायचा आणि तिच्या हातातला डबा अलगद काढून घ्यायचा. "तुमी कशापायी आलासा? सांगावा धाडायचा. मी आणून दिलं असतं की घरी." एवढं झालं की आक्कांना घराकडं परतण्याखेरीज काही काम उरायचं नाही.

माणसाला वाळीत टाकलं तर ते निदान भांडू तरी शकतं. मानाच्या पाटावर नेऊन बसवलं तर त्यानं काय करावं?

चंदनबालाच्या नवऱ्यानं, सम्मेद मगदुमानं, काही वर्षांपूर्वी जैन मुनीची दीक्षा घेतली. कवठे महांकाळहून मिरजेकडं येताना लागणारं हे गाव; तिथं त्याचं खताचं दुकान बरं चाललं होतं. मूलबाळ नव्हतं. बोलणं कमी, वाचन फार, आणि मनातली ओढ चार लोकांना कळायच्या आधी बायकोला कळलेली. भरल्या मंडपात तिला विचारलं, तुमची संमती आहे का? तिनं स्वच्छ आवाजात होय म्हटलं. कुणी तिच्यावर जुलूम केला नव्हता आणि तिनंही मनात काही दडवलं नव्हतं. रडली ती नंतर, घरी, दोघांची भांडी घासायला घेतली आणि ती एकाचीच निघाली तेव्हा.

आता त्याला सगळे महाराज म्हणतात. महाराज मुनींच्या संघाबरोबर कर्नाटकाकडं पायी विहार करतात. चातुर्मासात ती दर्शनाला जाते. बाकीच्या बायकांबरोबर लांब बसून हात जोडते, महाराज सगळ्यांना सारखा आशीर्वाद देतात, त्यात तिचाही वाटा येतो. तिची त्यांच्याबद्दल तक्रार नाही. त्यांनी जे सोडलं ते बघूनसवरून सोडलं. चंदनबालानं मात्र काहीच सोडलं नव्हतं, तरी गावानं एकेक करून तिच्याकडून काढून घेतलं: टिंगल, भांडण, वाटीभर साखरेची उसनवारी, दारात उभं राहून तासभर चालणारी कुचकुच. तिच्यादेखत कुणी शिवी देत नाही. कुणी नवऱ्याची उणीदुणी काढत नाही. तिच्या खांद्यावर हात ठेवून "आगं, ऐकलंस का" म्हणणारी बाई गावात राहिली नाही. कौतुकानं बघतात सगळे, पण लांबून.

पोटापाण्याचं म्हणाल तर ती मुकुट करते. आमच्या बाजूच्या गावांत जैन मंदिरात मूर्तिप्रतिष्ठेची पंचकल्याणक पूजा निघाली की गावातली जोडपी इंद्र-इंद्राणी होतात. कोणी कुठला इंद्र व्हायचं त्याची बोली लागते. एरवी उसाला पाणी पाजणारा माणूस सोनेरी मुकुट, बाजूबंद, केशरी शेला लेवून मिरवणुकीत बसतो, शेजारी त्याची बायको तशाच थाटात, आणि बघणाऱ्यांना त्यात काडीचंही नवल वाटत नाही. हे मुकुट-बाजूबंद चंदनबालाच्या हातचे. पुठ्ठा, फोम, सोनेरी रेक्झिन, मणी, लेस. झालेला प्रत्येक मुकुट ती आधी स्वतःच्या डोक्यावर ठेवून आरशात बघते. नीट बसतो का ते कळायला हवं ना, असं ती स्वतःलाच सांगते. मग तो खोक्यात घालून पाठवून देते. इंद्राणी व्हायला शेजारी इंद्र लागतो, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

अशा घरी गेल्या दिवाळीनंतर एक पोरगी स्कूटीवरून येऊन थडकली. मिरजेची नूरीन, सांगलीला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारी. मिरजेतल्या लेसच्या दुकानदारानं तिला पत्ता दिला होता. दारातूनच ओरडली, "काकू, तुम्ही चिलखत करता का?"

"कुणाचं?"

नूरीननं मोबाईल पुढं केला. कुठल्याशा व्हिडिओ गेममधली एक सरदारीण होती. खांद्यावर पत्र्याचे पंख, छातीवर चिलखत, कमरेला तलवार. आणि दुसऱ्या चित्रात तिची वैरीण, काळी राणी. पायघोळ काळा झगा, खांद्यावर काळी ढाल, हातात तलवार, आणि कपाळापासून नाकापर्यंत मुखवटा. ही राणी खेळात कधी बोलतच नाही, नुसती येते आणि उभी राहते. "याला कॉस्प्ले म्हणतात," नूरीन म्हणाली. "आवडत्या पात्राचा हुबेहूब ड्रेस करायचा, घालायचा, फोटो काढायचे. सरदारीण मी होणार."

चंदनबालानं चित्र बोटांनी मोठं करून शिवणी कुठं असतील ते बघितलं आणि सहज विचारलं, "बोली कुणी घेतली?"

"कसली बोली?"

"आगं, तू ही व्हणार म्हंतीस. तुज्याआधी कुणी मागितलं नव्हतं? समाजानं तुला दिलं कसं?"

नूरीनला आधी काही कळेना, मग कळलं तेव्हा ती पोट धरून हसली. "काकू, बोली-बिली काही नसतं! ज्याला वाटेल त्यानं घालायचं. एकेका पात्राच्या हजार जणी असतात."

"आन जोडी?"

"जोडी कशाला पाहिजे? एकटीनं व्हायचं."

त्या दिवशी नूरीनचं माप घेताना चंदनबालानं टेप दोनदा चुकवली.

पुढं दर रविवारी पोरगी यायला लागली. ती मागं-पुढं न बघता सरळ स्वयंपाकघरात जायची, झाकणं उघडून बघायची आणि भाकरीला शेंगदाण्याची चटणी लावून खात मशीनपाशी येऊन बसायची. शिवाय वाद. "नाही हं काकू, अजिबात नाही. सरदारणीला लेस? तिला काय पूजेला बसवायचंय?" "काहीही काय काकू! हे सोनेरी नाही, हे पितळ वाटलं पाहिजे." चंदनबाला मुद्दाम चुकीची लेस पुढं करायची. त्या पोरीच्या तोंडचं "काहीही काय" ऐकलं की तिला दिवस कारणी लागल्यासारखा वाटायचा. किती वर्षांत तिला कुणी खोडून काढलं नव्हतं.

एकदा नूरीननं विचारलं, "काका कुठं असतात?"

"बाहेर असतात," चंदनबाला म्हणाली. यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडं नवरा बाहेर असतो म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. विट्याकडची कितीतरी घरं सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यापायी मद्रास-कलकत्त्याला पांगलेली. नूरीनही तसंच काहीतरी समजली असावी. भिंतीवर महाराजांचा फोटो होता, पण तो तर जैनांच्या घरोघरी असतो. चंदनबालानं तिची समजूत दुरुस्त केली नाही. केली असती तर भाकरी-चटणी संपली असती, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

सरदारणीचा ड्रेस झाला. मग नूरीनच्या ग्रुपवर एक स्पर्धा निघाली: आपलं पात्र रोजच्या जागी नेऊन फोटो काढायचे. राजवाडा नको, किल्ला नको. एसटी स्टँड, रेशनचं दुकान, भाजीबाजार. नूरीनला काळ्या राणीची कल्पना सुचली. राणी व्हायला तिची मैत्रीण शाहजादी तयार होती. चंदनबालानं झगा बेतला, ढाली कापल्या, आणि शाहजादीचं लग्न ठरलं. सासरची माणसं काय म्हणतील म्हणून तिनं अंग काढून घेतलं.

नूरीन रडकुंडीला येऊन रविवारी आली तर झगा तयार होऊन खुंटीला लटकत होता. तिनं तो अंगाला लावून बघितला. "काकू, हा शाहजादीला दुप्पट होतोय."

"चुकलं वाटतं माज्याकडनं."

नूरीननं झग्याकडं बघितलं, मग चंदनबालाकडं, मग परत झग्याकडं. "काकू, तुमची चूक बरोब्बर तुमच्याच मापाची कशी झाली?"

चंदनबालाचे कान लाल झाले. चाळिशी ओलांडलेली बाई, पण पोरीसारखी पदरात तोंड लपवायला लागली. नूरीननं तिला घट्ट मिठी मारली आणि अंगणात जाऊन दोनदा शीळ घातली.

मग जागेवरून भांडण जुंपलं. नूरीनला बेदाण्याची शेड हवी होती. द्राक्षं वाळवायच्या त्या लांबलचक शेडा या दिवसांत रिकाम्या पडलेल्या, एकावर एक जाळ्यांचे मजले, त्यातून गाळून येणारा उजेड. चंदनबाला म्हणाली, गिरणी.

"गिरणीत काय आहे?"

"तू म्हणालीस रोजची जागा. बायका रोज कुटं जात्यात? शेडात?"

"मग मिरजेतल्या गिरणीत जाऊ."

"न्हाई. हितली."

"गावात सगळे ओळखतील तुम्हाला, काकू!"

"मुखवटा हाय की. आन राणी बोलत न्हाई."

ती राणी बोलत नाही हे चंदनबालाला पहिल्या दिवसापासून फार आवडलं होतं. फोटो नूरीनला हवे होते. हिला गिरणीत, लायनीत, डबा पुढ्यात घेऊन, चार बायकांच्या मध्ये बसायचं होतं. तिथल्याच, ओळखीच्या चौघींच्या. मिरजेच्या बायका तिच्या कोण लागत होत्या? नूरीननं तासभर हुज्जत घातली, मग काळ्या झग्यावर पांढरं पीठ कसं दिसेल ते तिच्या डोळ्यांपुढं आलं. "भारी दिसेल," ती कबूल झाली. "पण आधी शेड."

तसं ठरलं. रविवारी सकाळी गावाबाहेरच्या शेडात चंदनबालानं झगा चढवला, मुखवट्याचे बंद नूरीननं मागून आवळले. जाळ्यांच्या मध्ये उभं करून तिचे फोटो काढले. मग राणी स्कूटीवर मागं बसली, मांडीवर गव्हाचा डबा, हातात फोमची तलवार, आणि रस्त्यावरची कुत्री भुंकत मागं लागली. इतकं हसू तिला लग्नाच्या वरातीतही आलं नव्हतं.

गिरणीत गर्दी होती. नूरीननं आधी तानाजीला गाठून सांगितलं, कॉलेजचं काम आहे, फोटो काढतो, तुमचं चालू द्या. तानाजीनं मान हलवली. काळी राणी आत गेली आणि सवयीनं सरळ पुढं निघाली, कारण इतकी वर्षं ती आली की वाट आपोआप होत होती.

"ए बये! कुटं घुसतीयास?" बनुबाई कडाडली. बनुबाई म्हणजे गावातलं सगळ्यांत तिखट तोंड. तिनं राणीच्या ढालीवर पंजा ठेवून तिला चक्क मागं ढकललं. "आमी सकाळधरनं बसलोय. सोंग आणलंस म्हून लायन मोडतीस व्हय? बस मागं!"

"जपून गं, तलवार हाय तिच्याजवळ," कुणीतरी म्हणालं आणि गिरणीच्या आवाजावर हशा पिकला.

राणी मागं बसली. खाली, पिठाच्या फरशीवर, दोन बायकांच्या मध्ये दाटीवाटीनं. एकीनं झग्याचा काठ चिमटीत धरून कापड बघितलं. दुसरी नूरीनला विचारत होती, "हिच्या राजवाड्यात दळाय कुणी न्हाई व्हय?" तिसरीनं सुनेचं गाऱ्हाणं जिथं सोडलं होतं तिथून पुढं चालू केलं, चांगल्या अस्सल शिव्यांसकट, आणि मध्येच राणीच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाली, "तूच सांग, हे बरं हाय का?" राणीनं जोरजोरात मान हलवली. बनुबाई ओच्यातले शेंगदाणे काढून खात होती. न बघताच तिनं मूठभर राणीच्याही हातात कोंबले.

मुखवट्याच्या आत घाम होता की रडू, चंदनबालालाच कळेना. कुणाची मांडी तिच्या मांडीला लागली होती, कुणाचं कोपर बरगडीत रुतत होतं. हे इतकंच तर हवं होतं. तिला वाटलं, आपला नंबर आजच्या दिवसात येऊच नये.

पण गिरणी आपल्या गतीनं चालते. तानाजीची एक सवय होती. दळण टाकायच्या आधी तो डब्यावर कोरलेलं नाव मोठ्यानं वाचायचा, म्हणजे अदलाबदल होत नाही. आपल्याकडं लग्नातल्या भांड्यावर नाव कोरून घेतल्याशिवाय चैन पडत नाही कुणाला. चिलखताच्या एकेका टाक्याचा विचार करणाऱ्या बाईनं सकाळी डबा उचलताना त्याच्याकडं बघितलंही नव्हतं. रोजचा डबा, रोजच्यासारखा उचलला. तानाजीनं बनुबाईचं पीठ बाजूला केलं, पुढचा डबा उचलला, उजेडाकडं धरला आणि ओरडला, "सौ. चंदनबाला सम्मेद..."

पुढचं त्यानं वाचलं नाही. खटकन बटण दाबलं. पट्टा फिरत फिरत थांबला.

सगळ्या बायका राणीकडं बघायला लागल्या. मांडी सरकली. कोपर सरकलं. सुनेला शिव्या देणारीनं तोंडावर पदर घेतला. मग एकेक करून सगळ्या उठून उभ्या राहिल्या, कारण आक्का खाली बसल्या असताना आपण बसायचं कसं?

चंदनबालानं मुखवटा वर सारला. "बसा की गं," ती म्हणाली. "फोटो काढाय आलोय आमी. गंमत हाय नुसती."

"गंमत कशी असंल?" तानाजी चपला काढून हात जोडत म्हणाला. "महाराजांनी काईतरी नेम दिला असणार. हसू नका गं कुणी."

"न्हाई, तानाजी. नेम-बिम काय न्हाई."

"तुमी न्हाईच सांगणार," तो आणखी वाकला. त्याच्या डोळ्यांत एवढी भक्ती होती की चंदनबालाला ओरडावंसं वाटलं.

बनुबाई पुढं आली. तिचा चेहरा उतरला होता. तिनं राणीच्या पायाशी डोकं टेकवलं. "चुकलं, आक्का. वळखलं असतं तर हात लावला असता का मी तुमास्नी?"

चंदनबालाच्या मुठीत शेंगदाणे होते. ते तिनं बनुबाईला परत द्यावे की खावे, तिला सुचेना. ती तशीच बसून राहिली. बायका दाराकडच्या भिंतीला लागून उभ्या, मध्ये डब्यांची ओळ, आणि त्या ओळीत काळ्या झग्यातली एकटी बाई. तानाजीनं गिरणी झाडून स्वच्छ केली, सगळ्यांच्या आधी तिचं दळण काढलं आणि डबा पुसून स्कूटीवर नेऊन ठेवला. फोटो काढता काढता नूरीन दारात कॅमेरा खाली करून थांबली होती; शेजारची बाई तिच्या कानात आक्कांच्या महाराजांची हकिगत सांगत होती.

शेडात परतल्यावर नूरीननं मुखवट्याचे बंद सोडले, ते फार हळू, हात लागू नये अशा बेतानं. मग म्हणाली, "काका बाहेर असतात म्हणालात."

"बाहेरच हायत की."

ती हसली नाही. "मी तुमच्यावर किती ओरडले, काकू. तुमच्या घरात कुठंही शिरले, डबे उघडले. मला माहीतच नव्हतं. माफ करा."

"ओरडलीस ते बरं केलंस," चंदनबाला घाईनं म्हणाली. "माफी कसली मागतीस? फोटो दाव."

नूरीननं कॅमेऱ्यावर फोटो दाखवले. डब्यांच्या ओळीत राणी एकटी बसलेली, मागं मोकळी भिंत, हवेत पीठ. स्पर्धेला हाच जाईल, ती म्हणाली. फ्रेम अगदी स्वच्छ मिळालीय. एक फोटो ती पटकन पुढं सरकवायला लागली. त्यात बनुबाई तोंड वासून ओरडत होती, तिचा पंजा राणीच्या खांद्यावर, आणि राणी मागं कलंडलेली. सगळं हललेलं, पुसट.

"हा काढून टाकते. हललाय."

"ऱ्हाऊ दे. त्यो मला पाठव."

"बरं काकू."

बरं? परवापर्यंत हललेल्या फोटोवरून या पोरीनं तिला अर्धा तास शिकवलं असतं. चंदनबालानं झगा अंगावरून उतरवला, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. नूरीन पाठ करून अदबीनं लांब उभी होती. मग चंदनबालानं जिवाच्या आकांतानं, जगात सुचेल तेवढं वेडगळ शोधून काढलं.

"बरं का गं, पुढल्या खेपंला तुज्या सरदारणीला हिरवं लुगडं नेसवूया. चिलखत काढून टाकू आन तलवारीच्या जागी खुरपं देऊ हातात. काय म्हंतीस?"

नूरीन वळली. तिनं पायातली चप्पल बाजूला काढून ठेवली होती.

"हो काकू," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं."

चंदनबाला तिच्या तोंडाकडं बघत राहिली. अजून म्हणेल, आत्ता म्हणेल, "काहीही काय काकू!" असं वाटत राहिलं तिला. नूरीननं झग्याची घडी घातली, ती दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरली, आणि मान खाली घालून उभी राहिली.